वाळलेलं चालतं

‘तैपेई कट्टा’च्या काचेच्या दारापाशी धरणेंद्रअण्णा मगदूम यांनी चपला काढल्या आणि घड्याळात पाहिलं. पाच वाजून पस्तीस मिनिटं झाली होती. दिवस मावळायला अजून तास-सव्वा तास होता. मावळतीनंतर अण्णा अन्नाला शिवत नसत, त्यामुळे सांगलीतल्या कुठल्याही हॉटेलात ते गेले की पहिलं गिऱ्हाईक तेच असत.

"आज्जा, चपला घाल. मंदिर नाही हे," नात ब्राह्मी म्हणाली.

"खायाची जागा हाय न्हवं? मग चपला कशाला?" असं म्हणून अण्णा अनवाणी आत गेले. त्यांच्या मागून पद्मावतीबाई आल्या. त्यांनी चपला काढल्या नाहीत, आणि तिकडे कुणाचं लक्षही गेलं नाही. पद्मावतीबाई काय करतात आणि काय करत नाहीत, याकडे लक्ष द्यायची मगदुमांच्या घरात पद्धत नव्हती.

त्या दिवशी ब्राह्मीला वीस वर्षं पुरी झाली होती. वाढदिवसाला नात म्हणेल तिथं आजोबांनी न्यायचं, हा तिच्या लहानपणापासूनचा करार होता. आजवर तो आइस्क्रीम आणि पावभाजीवर निभावला होता; पावभाजी अर्थातच कच्च्या केळ्याची. या वर्षी पोरीनं तैवान काढलं. तैवान नक्की कुठं आहे हे अण्णांना ठाऊक नव्हतं. हळद तिकडे जात नाही एवढं ठाऊक होतं. अण्णा हळदीचे अडते होते आणि जगातले देश त्यांच्या लेखी दोनच प्रकारचे होते.

अण्णांचा खरा लौकिक मात्र हळदीचा नव्हता, त्यागाचा होता. बावीस वर्षांपूर्वी भर सभेत त्यांनी कंदमुळाचा नेम घेतला होता. कांदा, लसूण, बटाटा, रताळं, गाजर, जमिनीखाली जे म्हणून धरतं ते जन्मभर वर्ज्य. तेव्हापासून बावीस वर्षं अण्णांनी तो नेम पाळला आणि बावीस वर्षं तो लोकांना सांगितला. या दोन्हींपैकी जास्त कष्ट कशाला पडले हे सांगणं अवघड आहे. लग्नाच्या पंगतीत बसल्यावर वाढप्याला ते मुद्दाम मोठ्यानं विचारायचे, "बटाटा हाय काय रं यात?" आणि चार माणसं वळून बघेपर्यंत हात ताटावर आडवा धरून ठेवायचे.

त्याचं फळ आता दारात आलं होतं. येत्या रविवारी समाजाची समिती अण्णांना ‘त्यागभूषण’ ही पदवी देणार होती. पगडी, शाल आणि मानपत्र. मानपत्राचा मसुदा समितीचे सचिव पारस उपाध्ये यांनी केला होता आणि अण्णांनी तो तीन वेळा दुरुस्त केला होता. ‘ज्यांच्या जिभेला बावीस वर्षांत भूमिगत पदार्थाचा स्पर्श नाही’ हे वाक्य अण्णांचं स्वतःचं. ते त्यांना इतकं आवडलं होतं की आंघोळ करताना ते मनातल्या मनात म्हणत.

हॉटेलचा मालक कपिल स्वतः ऑर्डर घ्यायला आला. विट्याचा हा तिशीतला गडी पाच वर्षं तैवानात यंत्रांच्या कारखान्यात होता. परत येताना पोरं घड्याळं आणतात, यानं पाककृती आणल्या.

अण्णांनी चष्मा नीट केला आणि चौकशी सुरू केली.

"अंडं?"

"न्हाई, काका. अंडं ह्या जागेत येतच न्हाई."

"जिलेटीन?"

"न्हाई."

"कांदा?"

"गोड पदार्थात कांदा कुठला, काका?"

"आमाला काय ठावं? तैवान हाय. लसूण? बटाटा?"

"यातलं काय न्हाई. जैनांचं वेगळं करून देतो की मी. वाफेच्या पावातबी कोबी-पनीर हाय, कांदा-लसणाशिवाय."

अण्णांचं समाधान झालं. पेपर सोडवून झालेल्या पोरासारखे ते मागे टेकून बसले. ब्राह्मीनं वाफेवरचे पाव सांगितले, दुधाचा चहा सांगितला, आणि मग येताना जिची जाहिरात करत आली होती ती थंड वाटी सांगितली. खाली किसलेला बर्फ, वर आटीव दूध, त्यावर जांभळ्या, पिवळ्या आणि काळ्या गोळ्या. पाटीवर त्यांची नावं तारो, गोल्डन आणि पर्ल अशी होती. नावं परकी असली की पदार्थही परका असणार, असं अण्णांनी धरून चाललं.

पद्मावतीबाईंनी वाटी नाकाजवळ नेली, एकदा वास घेतला आणि खाली ठेवली.

"खा की आज्जी."

"नगं बाई. मी घरनं खाऊन आलीया," म्हणून त्यांनी ग्लासभर पाणी घेतलं.

अण्णांनी मात्र पहिला चमचा तोंडात घातला आणि त्यांचे डोळे आपोआप मिटले. जांभळी गोळी मऊ होती, किंचित चिकट होती, आणि दातांखाली जरा पिठूळ लागत होती. दुसऱ्या चमच्याला काहीतरी फार जुनं, ओळखीचं असं जिभेवर आलं. आईच्या परसात, आमटीच्या पातेल्यात, कुठंतरी. जीभ काहीतरी सांगू बघत होती. पण अण्णांनी जिभेला पुढं काही विचारलं नाही. वाटी संपली. सहा वाजून पाच मिनिटं झाली होती.

"कपिल," अण्णा म्हणाले, "आणि एक आण बाबा. वेळ हाय अजून."

दुसरी वाटी अर्धी झाली तेव्हा शेजारच्या टेबलावर एक जोडपं येऊन बसलं. कोरेगावचे नानासो बर्गे आणि त्यांच्या मंडळी येसूबाई. नानासो एसटीतून कंडक्टर म्हणून निवृत्त झालेले. लेक सांगलीत दिलेली, तिच्याकडे चार दिवस आलेले. तिकीट फाडायचं काम सुटल्यापासून त्यांनी मोबाईल धरला होता आणि कोरेगाव ते कवठेमहांकाळपर्यंतचे एकोणीस ग्रुप सांभाळत होते. आवाज अजून गाडीतलाच होता, मागच्या सीटपर्यंत जाणारा.

"मालक," नानासो म्हणाले, "आमची एकादस हाय. पोरगी म्हणली जावा, बघून तरी या. उपासाला चालंल असं काय हाय का हितं, का नुसतंच बघून जायचं?"

कपिलचा चेहरा उजळला. "काका, उपासाला तर समदंच चालतंय की. ह्यो काळा मोती म्हंजे साबुदाणाच, त्याच झाडाच्या मुळीचा. पिवळी गोळी रताळ्याची. आणि जांभळी अळकुडीची, अळवाच्या गड्ड्याची. दूध, साखर आणि बर्फ. तैवानच्या माणसाला ठावं न्हाई, पण बिचारा रोज एकादशी करतोय."

अण्णांचा चमचा तोंडाजवळ थांबला. चमच्यात एक काळी, एक पिवळी आणि एक जांभळी अशा तीनही गोळ्या होत्या.

साबुदाणा, रताळं, अळकुडी. जमिनीखालचे तिघं सख्खे भाऊ. अण्णांनी कांदा विचारला होता, लसूण विचारला होता, बटाटा विचारला होता, आणि कपिलनं अगदी खरं उत्तर दिलं होतं. नानासोंनी मात्र एकच प्रश्न विचारला आणि सगळं उघडं पडलं. एकाच्या उपासाचं दुसऱ्याच्या नेमाला चालत नाही, ही गोष्ट सांगलीत शेजाऱ्याशेजाऱ्यांना पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. फक्त ती तैवानमार्गे येईल असं कुणाला वाटलं नव्हतं.

"ब्राह्मी," अण्णा हळू आवाजात म्हणाले, "ऊठ. जायाचं."

तेवढ्यात नानासोंची नजर त्यांच्या वाटीवर गेली. "आवं पाव्हणं, तुमचीबी एकादस व्हय?"

इथं अण्णांना खरं बोलता आलं असतं. पण खरं बोलायला तोंड रिकामं लागतं, आणि तो थांबलेला चमचा गडबडीत तोंडात गेला होता. अण्णांनी मान हलवली. ती होकारार्थी हलली.

"मग या की असं. उपासाचं सोबती मिळायला नशीब लागतंय. नाव काय आपलं?"

"हे धरणेंद्रअण्णा मगदूम. हळदीचे मोठे अडते हायती. दुसरी वाटी चाललीया त्यांची," कपिलनं कौतुकानं सांगितलं. नानासोंनी खुर्ची ओढली, एक हात अण्णांच्या खांद्यावर टाकला, दुसऱ्या हातानं मोबाईल लांब धरला आणि म्हणाले, "वाटी वर धरा जरा. दिसू द्या."

अण्णांनी वाटी वर धरली. आयुष्यभर ते फोटोत समोरच्यानं सांगितलेली वस्तू वर धरत आले होते. सवयीला कारण लागत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मार्केट यार्डात हळदीचे सौदे लागायच्या आत तो फोटो अण्णांच्या आधी पोचला होता. कोरेगावहून तासगावला, तासगावच्या बेदाणा व्यापाऱ्यांकडून सांगलीला. खाली नानासोंनी तिकीट फाडावं तसा नेटका मजकूर लिहिला होता: ‘सांगलीचे सुप्रसिद्ध हळद व्यापारी श्री. धरणेंद्रअण्णा मगदूम यांच्यासमवेत तैवानी एकादशी. साबुदाणा, रताळे, अळकुडी. अण्णांनी दोन वाट्या घेतल्या.’

"अण्णा, एकादशी कवापास्नं?" एका दलालानं विचारलं.

"फोटो जुना हाय," अण्णा म्हणाले.

"हॉटेल दोन महिन्यांमागं उघडलंय."

अण्णांनी हळदीच्या ढिगात हात खुपसला आणि हळकुंडं वरखाली करत राहिले. दुपारी पारस उपाध्येंचा फोन आला. पारस वकील होते आणि प्रत्येक वाक्य कोर्टात वाचून दाखवायचं असल्यासारखं बोलत.

"अण्णा, काही सभासदांनी शंका उपस्थित केली आहे. उद्या संध्याकाळी चार वाजता समितीची तातडीची बैठक. मानपत्र छापायला गेलंय. ते ‘स्पर्श नाही’ वाक्य ठेवायचं का, एवढाच प्रश्न आहे."

म्हणजे सगळाच प्रश्न होता. अण्णा घरी आले आणि झोपाळ्यावर बसून राहिले. पदवी जाण्याचं दुःख होतंच. पण त्याहून मोठी भीती पंगतीची होती. आता लग्नात ‘बटाटा हाय काय रं?’ असं विचारलं की वाढपी म्हणणार, ‘न्हाई अण्णा, पण अळकुडी हाय.’ उरलेलं आयुष्य त्या एका वाक्याखाली काढावं लागणार होतं.

"आवं, सरळ सांगा की चुकून खाल्लं म्हणून," पद्मावतीबाई तांदूळ निवडता निवडता म्हणाल्या. "प्रायश्चित्त घ्या, मोकळं व्हा."

"एक वाटी चुकून हुती. दुसऱ्या वाटीचं काय सांगू?"

पद्मावतीबाईंनी तांदळातला एक खडा उचलून बाजूला ठेवला.

रात्रीचं जेवण नव्हतंच, त्यामुळे अण्णांना विचार करायला वेळ भरपूर मिळाला. सकाळी दुधात हळद घालून पिताना त्यांनी पेल्याकडे पाहिलं, आणि पाहतच राहिले. मग पेला खाली ठेवून त्यांनी थेट कपिलला फोन लावला.

"कपिल, त्या जांभळ्या गोळ्या ओल्या अळकुडीच्या करतोस का पूड असती?"

"पावडर असती, काका. तैवानहून येती."

"वाळवून केलेली?"

"व्हय, वाळवूनच की."

"पिवळीबी? आणि तो मोती?"

"समदं वाळलेलं पीठ. का वो काका?"

"काय न्हाई. वाळलेलं हाय न्हवं? नक्की?"

"नक्की काका," कपिल जरा पडेल आवाजात म्हणाला. अण्णांना तो आवाज ऐकू आला नाही. ते तोवर हळकुंड शोधायला उठले होते.

बैठकीला अकराही सभासद हजर होते. एरवी पाच जमवायला फोन करावे लागत. अध्यक्ष आदगोंडातात्या खोत ऐंशी वर्षांचे. डोळे मिटून बसले होते, पण झोपलेले नव्हते. पारसनी फोटो मोठा करून छापून आणला होता. त्यात अण्णांची वाटी फारच स्पष्ट दिसत होती.

अण्णांनी उभं राहून खिशातून एक हळकुंड काढलं आणि टेबलावर ठेवलं.

"पारस, हे काय हाय?"

"हळकुंड."

"कुठं धरतंय? झाडाला?"

"जमिनीत."

"तुमी खाता का?"

पारस वकील होते. प्रश्न कुठं चाललाय हे त्यांना कळलं, पण उत्तर द्यावंच लागलं. "खातो. पण ते वाळलेलं असतं. वाळलेल्या हळदीला आणि सुंठीला दोष नाही, हे पूर्वापार आहे."

"मग तैवानची पूड वाळलेलीच असती. मी मालकाला दोनदा विचारून घेतलंय. हळदीला एक न्याय आणि अळकुडीला एक का?"

अकरा सभासदांपैकी आठ हळदीचे व्यापारी होते, दोघांची हळद ठेवायची गोदामं होती आणि अकरावे पारस त्या दहाजणांचे वकील होते. हळकुंड टेबलावर पिवळं धमक पडलं होतं. त्याच्याविरुद्ध बोलायची कुणाची तयारी नव्हती. आज अळकुडीची पूड नको म्हटली आणि उद्या कुणी हळदीकडे बोट दाखवलं, तर काय करायचं?

"तसं बघाय गेलं तर," एक सभासद घसा खाकरत म्हणाले, "अण्णांचं बरोबर हाय."

"शास्त्राला धरूनच हाय," दुसरे म्हणाले. कुठल्या, ते त्यांनी सांगितलं नाही.

आदगोंडातात्यांनी डोळे न उघडता विचारलं, "चवीला कसं लागतंय?"

"चांगलं लागतंय, तात्या."

"हं," तात्या म्हणाले.

पारसनी ठराव लिहिला: ‘वाळवून पूड केलेला परदेशी कंद हा हळदीच्या न्यायाने निर्दोष समजण्यात यावा. सबब श्री. मगदूम यांच्या जिभेस स्पर्श झालेला नाही.’ अकरा विरुद्ध शून्य मतांनी तो मंजूर झाला. एवढंच नाही, तर लोकांची तोंडं कायमची बंद व्हावीत म्हणून रविवारच्या समारंभानंतरचा अल्पोपाहार ‘तैपेई कट्ट्या’तच, संपूर्ण समितीनं, सर्वांसमक्ष घ्यावा असंही ठरलं. ही सूचना सहाजणांनी एकदम मांडली. प्रत्येकाच्या तोंडाला पाणी सुटलं होतं आणि प्रत्येकाला ती धर्मकर्तव्याची भावना वाटली.

घरी ब्राह्मीनं ठराव वाचला. "आज्जा, मग गार्लिक ब्रेडवर पण लसणाची पावडरच असते."

"गप बस."

"आणि बटाट्याचे वाळवलेले पापड?"

"ब्राह्मी, तुझी परीक्षा कधी हाय?"

रविवारी समारंभ थाटात झाला. पगडी अण्णांना जरा मोठी होत होती, ती कानांवर टेकली. पारसनी मानपत्र वाचलं आणि ‘स्पर्श नाही’ला दोन सेकंद थांबले. टाळ्या पडल्या. बरोबर साडेपाचला समिती, अण्णा, पद्मावतीबाई आणि ब्राह्मी ‘तैपेई कट्ट्या’त पोचले. अण्णांनी चपला काढल्या. त्यांचं पाहून अकरा सभासदांनीही काढल्या. दाराबाहेर एखादं कीर्तन चालू असल्यासारखी चपलांची रांग लागली.

आतल्या कोपऱ्यात नानासो बसले होते. त्यांच्या फोटोनं कपिलचं नशीब उघडलं होतं. गुरुवारवाले, शनिवारवाले, साताऱ्यापर्यंतचे उपासवाले गाड्या करून येत होते, आणि कपिलनं पाटीखाली खडूनं ‘उपवासाला चालते’ असं लिहिलं होतं. आज त्यानं नानासोंना खास फोटो काढायला बोलावलं होतं.

"पाव्हणं, पगडी शोभतीया," नानासो म्हणाले. "आज कसला उपास?"

अण्णांनी ऐकू न आल्यासारखं केलं.

वाट्या आल्या. पद्मावतीबाईंनी याही वेळी पाण्याचाच ग्लास पुढं ओढला. बाकी सगळ्यांनी चमचे उचलले, आणि पुढची पाच मिनिटं फक्त चमचेच वाजले. आदगोंडातात्यांनी प्रथमच डोळे पूर्ण उघडले. पारसनी दूध मिशीला लागलेलं पुसलंही नाही. अण्णांना या वेळची गोळी मागच्यापेक्षा जास्तच मऊ लागली, आणि ती ओळखीची चव या वेळी लांबून आली नाही. सरळ समोर येऊन उभी राहिली. आईची अळकुडीची आमटी. चिंच, गूळ आणि वर कोथिंबीर. अण्णांनी पगडी जरा वर सरकवली आणि पुढचा चमचा घेतला.

कपिल हात पुसत आला. "कसं काय झालंय, काका?"

"लय झकास," आठ-दहा आवाज एकदम आले.

"असणारच की," कपिल अभिमानानं म्हणाला. "अण्णांनी परवा फोन केलता. दोनदा विचारलं, वाळलेलं हाय का, वाळलेलं हाय का. तवाच मी वळखलं, ह्यांना पावडरीचं काय आवडलेलं न्हाई. एवढी मोठी माणसं येणार आणि मी डब्यातली पावडर घालू व्हय? आज पहाटं मंडईत गेलो, ओल्या अळकुड्या आणल्या, मातीसकट. रताळीबी ताजी. स्वतः उकडून, सोलून, हातानं वळल्यात. पावडरीचा एक कण न्हाई बघा यात."

अकरा चमचे अकरा ठिकाणी थांबले.

पारसनी गिळावं की नाही याचा विचार केला, पण त्यांच्या आधी घशानं निर्णय घेतला होता. ठरावात ओल्याबद्दल काही नव्हतं. हळकुंडाला इथं काही करता येण्यासारखं नव्हतं. हळूहळू एकेक मान वळली आणि सगळ्या नजरा त्यागभूषणांवर येऊन ठरल्या. हे संकट त्यांनी आणलं होतं, तेव्हा तोडगाही त्यांनीच काढावा अशी सगळ्यांची इच्छा दिसत होती.

"आपल्याला कल्पनाच नव्हती," पारस घाईनं म्हणाले. "ओलं की वाळलं, हे चवीवरून कुणालाच ओळखता येणार नाही. अजाणतेपणी घडलं. तशी नोंद करू."

"व्हय, व्हय. अजाणता," सभासद म्हणाले. "काय अण्णा?"

अण्णांनी वाटीत पाहिलं. एकच जांभळी गोळी उरली होती. एक ‘व्हय’ म्हटलं की पगडी डोक्यावर राहणार होती. पण पाच दिवस त्यांनी बरंच काही सांभाळलं होतं आणि आता त्यांना फार थकल्यासारखं वाटत होतं. त्यांनी पगडी काढली आणि वाटीशेजारी ठेवली.

"मी वळखलं हुतं," ते म्हणाले. "आज पयल्या घासाला. आणि त्या दिवशी दुसऱ्या. म्हणून तर दुसरी वाटी मागितली. आमची आई करायची अळकुडी. बावीस वर्षांत तोंडात न्हवती. मी मलाच विचारलं न्हाई, एवढंच."

बर्फ करायचं यंत्र मागे घरघरत होतं. मग आदगोंडातात्यांनी चमचा खाली ठेवला.

"मीबी वळखलं हुतं," तात्या म्हणाले. "ऐंशी वर्षांचा हाय मी. अळकुडी वळखू यायची न्हाई व्हय मला?"

त्यानंतर पाचसहाजणांनी माना खाली घातल्या. पारसनी पेनाचं टोपण लावलं.

"आणि तू?" अण्णा एकदम पद्मावतीबाईंकडे वळले. "तुला कळलं न्हाई व्हय त्या दिवशी?"

"वासालाच कळलं हुतं की."

"मग बोलली का न्हाईस?"

"तुमी विचारलंसा कुठं मला? तुमी कपिलला विचारलंसा. अंडं, जिलेटीन, काय काय."

पद्मावतीबाईंनी पाण्याचा ग्लास बाजूला सारला आणि त्या कपिलकडे वळल्या. "बाळा, एक वाटी दे मला. जांभळ्या जरा जास्त घाल."

"अगं," अण्णा म्हणाले, "तुझा नेम?"

"कुठला नेम? भर सभेत नेम तुमी घेतलासा. मी तुमच्यामागं ताट धरून हुबी हुते. मला तवा कुणी विचारलं न्हाई, आणि त्यानंतरबी न्हाई. तुमी खात न्हाई म्हणून घरात शिजवलं न्हाई, आणि शिजवलं न्हाई म्हणून खाल्लं न्हाई. बावीस वर्षं झाली."

हे त्या रागानं बोलल्या नाहीत. भाजीवाल्याला भाव सांगावा तशा बोलल्या, आणि म्हणूनच पारसना मानपत्राची गुंडाळी कुठं ठेवावी ते सुचेना. बावीस वर्षं जिभेला स्पर्श नसलेलं माणूस या टेबलाशी एकच होतं, आणि त्याचं नाव मानपत्रात ‘सुविद्य पत्नी’ एवढंच आलं होतं.

वाटी आली. बारा माणसं हात मांडीवर ठेवून बसली आणि पद्मावतीबाई खाऊ लागल्या. सावकाश, एकेक गोळी, मध्ये दूध. ब्राह्मीनं आपली खुर्ची हळूच आजीजवळ ओढली.

नानासोंना यातलं निम्मंच कळलं होतं. त्यांनी मोबाईल वर केला, पण इतकी वर्षं गाडीत माणसं पाहिली असल्यानं आधी विचारून घेतलं.

"वैनी, फोटो काढतो. पण लिवू काय खाली? तुमाला चालतंय न्हवं हे?"

पद्मावतीबाईंनी घड्याळाकडे पाहिलं. दिवस मावळायला अजून वीस मिनिटं होती.

"चालतंय की," त्या म्हणाल्या, आणि अण्णांच्या वाटीत उरलेली ती एक गोळी चमच्यानं उचलून त्यांनी आपल्या वाटीत घेतली.